मदत हवी आहे: वडिलांची परवान्याची बंदूक आणि रिसॉर्टच्या गेटवरची नोकरी

मंडळी, प्रश्न घरचा आहे आणि घाईचा आहे. येत्या गुरुवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे.

आम्ही मंडणगड तालुक्यातले. मी नोकरीसाठी डोंबिवलीत, आई-बाबा गावी. बाबा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, आता वय 61. त्यांच्याकडे बारा बोअरची डबल बार आहे, रीतसर परवान्याची. वर्षातून दोनदा तेलपाणी आणि निवडणूक आली की ठाण्यात जमा, एवढंच तिचं आयुष्य. बाकी ती कपाटात असते आणि किल्ली आईच्या कमरेला.

गेल्या महिन्यात शेजारच्या गावातला एक ओळखीचा माणूस आला. तो एका सिक्युरिटी एजन्सीसाठी माणसं गोळा करतो. दापोलीकडे समुद्रालगत एक नवीन रिसॉर्ट झालंय, तिथे गेटवर माणूस हवा. पगार 14 हजार. स्वतःची बंदूक घेऊन आलात तर 19 हजार. शब्दशः असंच म्हणाला. मालकाला म्हणे गेटवर बंदूकवाला दिसायला हवा, मुंबईच्या पार्ट्यांवर छाप पडते. बाबांनी खांद्याला बंदूक लावून उभं राहायचं, संध्याकाळी पार्किंगमधून किनाऱ्यापर्यंत एक फेरी मारायची.

बाबा तयार आहेत. घरी बसून कंटाळलेत हे मला दिसतंय, आणि 5 हजारांचा फरक गावात थोडा नाही. पण मला काही गोष्टी खटकतात:

खाजगी सुरक्षारक्षकाला अशी उघड्यावर बंदूक घेऊन फिरता येतं का? परवाना बाबांच्या नावावर आहे, मग तो नोकरीत चालतो का? ते घरून एसटीने ये-जा करणार, तेव्हा बंदुकीचं काय? आणि उद्या काही बरंवाईट झालं तर अडकणार कोण, बाबा, एजन्सी की रिसॉर्ट?

एजंटला विचारलं तर म्हणाला, "अरे, बँकेबाहेर उभे असतात ते कोण असतात मग?" मला उत्तर देता आलं नाही.

वेंगुर्ल्याचो_बाबलो: आमच्याकडचो राखणदार देव बिनबंदुकीचोच असता. वर्साक एक कोंबो नि नारळ दिलो की अख्ख्या वाडीची राखण करता, 19 हजार मागणा नाय. 😄 गमतीचा जाऊ दे. तुझ्या बापाशीक सांग, सही करूच्या आधी लायसन उघडून वाच.

खेडची_वकीलीण: बाबल्याने गमतीत मुद्द्याचं सांगितलं. आधी परवान्याचं पुस्तक उघडा आणि मला तीन गोष्टी सांगा. परवाना कोणत्या कारणासाठी दिलाय? तो कुठल्या हद्दीत चालतो? आणि रिटेनर म्हणून, म्हणजे परवानाधारकाच्या वतीने बंदूक बाळगणारा माणूस म्हणून, कोणाचं नाव घातलंय का? त्याशिवाय काही बोलणं म्हणजे रिपोर्ट न बघता औषध देणं.

तोवर एवढं ध्यानात ठेवा, की इथे दोन वेगळे कायदे आहेत. सिक्युरिटी एजन्सी चालवण्यासाठी खाजगी सुरक्षा एजन्सी (नियमन) कायदा, 2005. बंदुकीसाठी शस्त्र कायदा, 1959 आणि त्याखालचे शस्त्र नियम, 2016. एजन्सीकडे पहिल्या कायद्याखालचं लायसन असलं म्हणजे तिच्या माणसांना बंदूक मिरवायची मुभा मिळाली, असं अजिबात होत नाही. तो कायदा रक्षकाला पोलिसाचे कुठलेही अधिकार देत नाही. बंदुकीच्या बाबतीत रक्षक तुमच्या-माझ्यासारखाच साधा नागरिक.

धागाकर्ता: ताई, आईला व्हिडिओ कॉलवर पुस्तक उघडायला लावलं. कारणाच्या रकान्यात "आत्मसंरक्षण". हद्द महाराष्ट्र राज्य. रिटेनरचा रकाना कोरा. परवाना मूळचा जम्मूचा, बाबा तिथे पोस्टिंगला असताना काढलेला, नंतर रत्नागिरीला नोंद करून नूतनीकरण होत आलंय.

निवृत्त_लिपिक: मी जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्र परवान्याच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. जम्मू वाचून कान टवकारले. तिकडून 2012 ते 2016 या काळात दिलेल्या परवान्यांची सीबीआय चौकशी झाली आहे, तेव्हापासून जम्मू-काश्मीरचा शिक्का दिसला की कोणताही अधिकारी दोनदा बघतो. वडील खरोखर तिथे नोकरीला होते, तेव्हा घाबरायचं कारण नाही, पण पोस्टिंगचे कागद हाताशी ठेव. पुस्तकावर यूआयएन नंबर, म्हणजे प्रत्येक परवान्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, आहे ना बघ. तो नसेल तर परवाना ग्राह्यच धरत नाहीत.

आता मुख्य प्रश्न. आमच्या टेबलावर माजी सैनिक यायचे, अर्जात लिहायचे आत्मसंरक्षण आणि महिन्याभरात कुठल्यातरी कारखान्याच्या गेटवर उभे दिसायचे. चालतं म्हणून चालायचं. पण आत्मसंरक्षण याचा अर्थ स्वतःचं संरक्षण, पगार घेऊन दुसऱ्याच्या मालमत्तेचं नव्हे. परवान्याच्या अटी मोडल्या तर शस्त्र कायद्याचं कलम 30 लागतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाचा आकडा वाचून हसू येईल. खरी शिक्षा म्हणजे परवाना रद्द होणं, आणि एकदा रद्द झालेला परवाना परत मिळवताना चपला झिजतात.

काउंटरबाहेरचा: एजंटच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण "ते कोण असतात" त्यातला मी एक होतो. माजी सैनिक, सरकारी बँकेत नऊ वर्षं. माझ्या हातातली बंदूक माझी नव्हती, बँकेची होती. परवाना बँकेचा आणि त्यावर माझं नाव रिटेनर म्हणून. ड्युटी संपली की बंदूक आत कुलपात, मी मोकळ्या हाताने घरी. एसटीत बसून ती कधी गावाला आली नाही.

एटीएमच्या पैशांच्या गाडीचंही तेच. केंद्र सरकारच्या 2018 च्या नमुना नियमांत रोकड नेणाऱ्या प्रत्येक गाडीत दोन सशस्त्र रक्षक सांगितलेत. तिथे बंदुकीला कारण आहे. रिसॉर्टच्या गेटवर कसलं कारण? कोळंबी फ्राय कोण पळवणार आहे?

खेडची_वकीलीण: उघड्यावर बाळगण्याबद्दल आता नेमकं सांगते. शस्त्र नियम 2016 मधला नियम 32 बघा. सार्वजनिक जागी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर न्यायचं तर अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत. डबल बारसारखी लांब बंदूक न्यायची तर तिच्यासाठी बनवलेल्या खोळीत. दोन्ही बाबतींत शस्त्र पूर्ण झाकलेलं हवं आणि नेणाऱ्याचा त्यावर ताबा हवा. सार्वजनिक जागी शस्त्र परजायला किंवा उडवायला सक्त मनाई आहे. परवाना खरा आहे की खोटा हा प्रश्न नंतरचा, परवाना खरा असला तरी हे लागू.

म्हणून किनाऱ्यावरची संध्याकाळची फेरी तर सरळच नियमाविरुद्ध. किनारा रिसॉर्टच्या मालकाच्या बापाचा नाही. गेटबद्दल एजंट म्हणेल ती खाजगी जागा. पण जिथे कोणीही गाडी घेऊन येतं, जे गेट रस्त्यावर उघडतं, ती सार्वजनिक नाही हे पटवताना माझी दमछाक होईल. मी तरी अशिलाला तो धोका घ्यायला सांगणार नाही. एसटीचं उत्तरही यातच आलं. खोळीत, रिकामी, काडतुसं वेगळी. पण रोज दोन वेळा बंदूक घेऊन एसटीने प्रवास? कंडक्टर पहिल्याच आठवड्यात ठाण्यात नेईल.

आणखी एक गोष्ट, जी कोणाच्या लक्षात येत नाही. बाबा आंघोळीला किंवा जेवायला गेले आणि बंदूक दुसऱ्या रक्षकाच्या हातात देऊन गेले, तर तो विनापरवाना बाळगण्याचा गुन्हा. परवानाधारकाशिवाय दुसऱ्याने शस्त्र नेण्याची सूट फार थोड्या कारणांसाठी आहे, दुरुस्ती, नूतनीकरण वगैरे, आणि तीही धारक सोबत असताना किंवा त्याची लेखी परवानगी असेल तर. विनापरवान्याची शिक्षा 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं आहे.

सागरी_महामार्ग: माझं हर्णै-मुरुडच्या पट्ट्यात छोटं होमस्टे आहे. कायद्यातलं कळत नाही, धंद्यातलं सांगतो. आमच्याकडे येणारी माणसं पोरंबाळं घेऊन येतात. गेटवर बंदूक दिसली की पहिला प्रश्न, "इथे काय होतं का?" छाप पडायची ती अशी पडते. आमच्याकडे राखणीला एक म्हातारबाबा आणि दोन कुत्रे आहेत. रात्री बारानंतर पाण्यात जाणाऱ्यांना शिट्टी मारून बाहेर काढणं हेच त्यांचं मोठं काम, आणि ते बंदुकीने होत नाही.

कुडाळी_बागायतदार: विषय निघालाच आहे म्हणून. आमच्या बागेत वानर आणि रानडुकरांसाठी शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक आहे. गेल्या वर्षी एका व्यापाऱ्याने हंगामासाठी बाग घेतली आणि म्हणाला बंदूकही द्या, रात्री हापूस चोरीला जातो. मी दिली नाही, पण मनात आलं होतं. दिली असती तर?

निवृत्त_लिपिक: बरं झालं दिली नाहीत. शेतीसंरक्षणाचा परवाना पिकासाठी आणि तुमच्या नावावर. व्यापाऱ्याच्या राखणदाराच्या हातात ती सापडली असती तर तो आत गेला असता आणि तुम्हालाही परवान्यासकट खुलासा करत बसावं लागलं असतं.

खेडची_वकीलीण: आणि चोरावर झाडली असती तर त्याहून वाईट. भारतीय न्याय संहितेतल्या स्वसंरक्षणाच्या कलमांत, 34 ते 44, मालमत्तेसाठी जीव घेण्याइतका हक्क मोजक्याच वेळी आहे. जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, घराला आग लावणं, किंवा चोरी होताना जिवाची वा गंभीर दुखापतीची खरी भीती असेल तेव्हा. पेटीभर आंबे घेऊन पळणाऱ्या पोराच्या पाठीत छर्रे मारायचा हक्क कोणालाच नाही. धागाकर्त्याच्या "अडकणार कोण" याचं उत्तरही हेच. गोळी सुटली की पहिला आरोपी ट्रिगर दाबणारा. एजन्सी दुसऱ्या दिवशी म्हणेल, आम्ही बंदूक आणायला सांगितलीच नव्हती. लेखी काही दिलंय का त्यांनी?

धागाकर्ता: नाही. सगळं तोंडी. मी त्या 19 हजारांचं पत्र मागितलं तर म्हणाला, पत्रात 14 लिहू, वरचे 5 रोख. यूआयएन नंबर आहे, काका, तेवढी काळजी मिटली.

काउंटरबाहेरचा: वरचे 5 रोख म्हणजे बंदुकीचं भाडं, आणि ते कागदावर नको. एजंटलाही नियम माहीत आहे, बघ.

एजन्सीचंच लायसन बघ आधी. ते धंद्याच्या जागी दिसेल असं लावावं लागतं. वयाची अट 65 च्या आत, म्हणजे बाबा बसतात. माजी सैनिकांना प्राधान्य द्यायचं असंही कायद्यात आहे. प्रशिक्षण मात्र माजी सैनिकालाही चुकत नाही, केंद्राच्या नमुना नियमांत त्यांच्यासाठी 40 तास वर्गातलं आणि 16 तास मैदानावरचं, इतरांना 100 आणि 60. एजंटने त्याबद्दल काही सांगितलं का? गणवेश कसला देणार आहेत?

धागाकर्ता: प्रशिक्षणाचं नावही काढलं नाही. गणवेशावरूनच तर काल घरी रामायण झालं. एजंट पिशवी ठेवून गेला. आत मिलिटरीसारखा ठिपक्याठिपक्यांचा ड्रेस, खांद्यावर कसलीतरी फीत आणि बॅरेट कॅप. आईने पिशवी उघडली, बाबांनी पाहिलं आणि आवाजच चढला.

खेडची_वकीलीण: बाबांचा राग कायद्यात बसतो. 2005 च्या कायद्याचं कलम 21: खाजगी रक्षकाने सैन्याचा, पोलिसांचा किंवा तसा भासणारा गणवेश घातला, तर तो आणि एजन्सीचा मालक दोघांनाही एक वर्षापर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पिशवी परत करा, आणि करण्याआधी फोटो काढून ठेवा.

धागाकर्ता: सर्वांचे आभार, शेवटचं कळवतो. शनिवारी गावी गेलो होतो. नियम 32, कलम 30 सगळं बाबांना वाचून दाखवलं. ते शांतपणे ऐकत होते, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्यात फारसा रस नव्हता. "बंदूक खोळीत नेली असती," एवढंच म्हणाले. पण त्या ड्रेसचा विषय काढला की अजून फणफणतात. फीत चुकीच्या खांद्यावर शिवली होती म्हणे, आणि ती कुठल्या रेजिमेंटची ते शिवणाऱ्यालाही माहीत नसणार. पिशवी त्यांनी स्वतः नेऊन एजंटच्या ओसरीवर ठेवली. बिनबंदुकीची, साध्या गणवेशातली नोकरी असेल तर 14 हजारांत येतो, असं सांगून आले. त्यानंतर एजंटचा फोन नाही.

सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवायचं ठरलंय, बँकेतलं काही निघालं तर बघू. काका, एक राहिलंच. परवाना मे महिन्यात संपतोय. नूतनीकरणाला कधी जाऊ?

निवृत्त_लिपिक: फेब्रुवारीतच अर्ज टाक. मार्चअखेरीला आमच्या इमारतीत कोणी मान वर करत नाही, एप्रिलमध्ये अर्धे रजेवर. ऑनलाइन अर्ज भरलास तरी मूळ पुस्तक घेऊन बाबांनाच यावं लागेल. ठाण्यात बंदूक दाखवायला नेताना खोळ विसरू नका.

वेंगुर्ल्याचो_बाबलो: खोळ नसली तर आईच्या जुन्या लुगड्याची शिव. आमच्या आज्याची तशीच होती.