रोममध्ये खरंच 'जनता' कॉन्सल निवडायची?

टायबरकाठ:
प्राचीन रोमच्या प्रजासत्ताकाच्या राज्यपद्धतीवरचं एका विद्यार्थिनीचं मनोगत सध्या फिरतंय. "जनता दरवर्षी दोन कॉन्सल (सर्वोच्च अधिकारी) निवडायची, ट्रिब्यून (सामान्यांनी निवडलेला अधिकारी) गरिबांसाठी कुठलाही निर्णय अडवायचा, म्हणजे ती आपल्यासारखीच लोकशाही," असं ती लिहिते. माझा राग तिच्यावर नाही, मतमोजणी वगळून हे पाठ करून घेणाऱ्यांवर आहे.

कॉन्सल निवडायची शतकसभा. तिच्यात 193 शतकं, म्हणजे मालमत्तेनुसार पाडलेले मतदारगट, माणसं कितीही असोत, दर शतकाला एकच मत. जुन्या रचनेत घोडेस्वारांची 18 आणि सर्वांत श्रीमंत वर्गाची 80, बेरीज 98. बहुमताला 97 पुरे. मालमत्ता नसलेल्या सगळ्यांचं मिळून एक शतक, तेही शेवटी. बहुमत झालं की मतदान थांबायचं, त्यामुळे त्यांची पाळी येणं मुश्कील.

रेघोटी:
अर्धीच गोष्ट सांगताय. इ.स.पू. तिसऱ्या शतकात पहिल्या वर्गाची शतकं 70 वर आली, मग 97 गाठायला खालच्या वर्गात उतरावंच लागायचं. शिवाय पुढे बहुतेक कायदे जमातसभेत व्हायचे. तिथे 35 जमाती, म्हणजे भागांनुसार पाडलेले मतदारगट, 18 मिळाल्या की मंजूर, संपत्तीची उतरंड नाही. इ.स.पू. 139 पासून निवडणुकीत गुप्त मतदान, 131 पासून कायद्यांवरही. 119 मध्ये ट्रिब्यून मारियसने मत टाकायला जायच्या वाटेवरचे पूल अरुंद केले, म्हणजे बड्यांना शेजारी उभं राहून मत लिहिलेल्या पाटीवर नजर टाकता येऊ नये. हे सगळं कुणाच्या धाकापासून मत वाचवायला केलं, ते सांगा.

टायबरकाठ:
35 पैकी शहरी जमाती फक्त 4! मुक्त झालेले गुलाम बहुतेक त्यांतच कोंबलेले. उरलेल्या 31 ग्रामीण, पण मत द्यायला रोममध्येच यायचं. लांबचा शेतकरी पेरणी सोडून येणार? सवड असलेला जमीनदार यायचा. इ.स.पू. 91 ते 88 च्या युद्धातून इटलीला नागरिकत्व मिळालं, तरी मतदान रोमबाहेर गेलं नाही.

जुना दप्तरी:
दोघंही ट्रिब्यूनला विसरलात. ते 10 असायचे आणि एकाचा नकार बाकी नऊ जणांच्या प्रस्तावालाही अडवायचा. म्हणजे सिनेटला, बड्यांच्या त्या सल्लागार सभेला, एकच फितवला तरी काम फत्ते. इ.स.पू. 133 मध्ये ट्रिब्यून टायबेरियस ग्राकसच्या जमीन कायद्याला सहकारी ट्रिब्यून ऑक्टेवियसने तसंच रोखलं.

रेघोटी:
आणि टायबेरियसने त्याला मतदानाने पदावरून काढलं! 17 जमाती ऑक्टेवियसच्या विरोधात गेल्यावर थांबून त्याला माघार घ्यायची विनंतीही केली. लोकांनी दिलेलं पद लोकांनी परत घेतलं, यात गैर काय?

जुना दप्तरी:
गैर हेच की मग नकाराधिकाराला अर्थच उरत नाही. आज ऑक्टेवियस, उद्या गरिबांच्या बाजूचा कुणीही.

रेघोटी:
कमाल आहे! कायदा सरकारी जमिनीचा होता. 500 युगेरांच्या (जमिनीचं रोमन माप) मर्यादेवरची जमीन काढून भूमिहीनांना द्यायची. ती बळकावणाऱ्यांचं रक्षण करायला ट्रिब्यून होते का? त्याच वर्षी सिनेटवाल्यांनी बाकांचे तुकडे हाणून टायबेरियसला मारलं, आणि तुम्हाला खुपतो तो ऑक्टेवियस?

जुना दप्तरी:
खुनाचं समर्थन मी केलेलं नाही, माझ्या तोंडी घालू नका. लागोपाठ दुसऱ्यांदा ट्रिब्यून व्हायला उभं राहणंही रूढीबाहेरचं होतं, एवढं तरी माना.

रेघोटी:
रूढीबाहेरचं होतं, मानलं. त्यासाठी माणूस मारून नदीत टाकत नाहीत.

टायबरकाठ:
धागा ऑक्टेवियसने गिळला. रेघोटी, गुप्त मतदानाचा मुद्दा नाइलाजाने मान्य, 139 नंतर उमेदवारांना मतं मागत फिरणं भागच होतं. पण जमातसभेत नागरिकाला दुरुस्ती सुचवता यायची नाही. चर्चा आधीच्या जाहीर सभेत, तिथेही अधिकारी बोलावेल त्यानेच बोलायचं. मतदानाच्या दिवशी फक्त हो किंवा नाही.

रेघोटी:
ते 'नाही' फेटाळायचा अधिकार सिनेटला होता का? नव्हता. त्या मुलीने 'आपल्यासारखीच' हा शब्द खोडावा, बाकीचं राहू द्यावं.