सेगावरच्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’मध्ये गाडी होती की नव्हती?

पूर्वभाग_सोलापूर

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण दोन भावांतला आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९९४च्या दिवाळीत आमचा मामा मस्कतहून सेगा कंपनीचं टीव्ही गेमचं मशीन घेऊन आला. तेव्हा आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात टीव्ही गेम म्हणजे पिवळी नाहीतर काळी कॅसेट, तीही तासाच्या भाड्यानं. मामाचं मशीन दोन मजली होतं. खालच्या मजल्यातून ट्रे बाहेर यायचा आणि त्यात सीडी ठेवायची. आमच्या घरात त्याआधी कुणी सीडी हातात धरलेली नव्हती. आजीनं ती उलटी करून तिच्यात तोंड पाहिलं आणि पदर सारखा केला. ते मला अजून डोळ्यासमोर दिसतं.

गेम एकच होता, ‘बॅटमॅन रिटर्न्स’. दादा तेरा वर्षांचा, मी नऊचा. एकाच रिमोटवरून भांडणं व्हायला लागली तेव्हा आईनं वाटणी करून दिली. गाडी दादाची आणि पायी चालायचा भाग माझा. दोन वर्षं आम्ही तो तसाच खेळलो. दादानं माझ्या भागाला हात लावला नाही आणि मी त्याच्या गाडीला.

मागच्या महिन्यात पुतण्यानं मोबाईलवर ‘बॅटमॅन रिटर्न्स, सेगा’ शोधून काढला. छपरावर उभा बॅटमॅन, अंधार, खाली शहर, उडी मारून बटण धरून ठेवलं की झगा पसरून तरंगत खाली येणं. मी ओरडलोच, हाच तो! दादाला हैदराबादला व्हिडिओ कॉल लावला. तो बघून म्हणाला, “हा नव्हं बे. ह्यात गाडी कुठाय? आपला गेम गाडीचा होता.” पुतण्यानं दोन दिवस बसून गेम शेवटापर्यंत नेला. गाडी कुठंच नाही. आता दादा म्हणतो की चालायचा गेम वेगळ्या सीडीत असेल, तुझी गल्लत होतेय. पुतण्या म्हणतो, काका, गाडी तुम्ही सिनेमात पाहिली असेल.

मी शपथेवर सांगतो की सीडी एकच होती. ती अजून माझ्याकडे आहे, लग्नाच्या अल्बमच्या पिशवीत. मशीन मात्र गेलं. १९९८ला दुरुस्तीला दिलं होतं. तिथं दुसराच अडॅप्टर लावून चालू केलं आणि मशीन परत आलं ते मुकं. पुढं ते भंगारात गेलं. त्या दिवशी दादा जेवला नव्हता.

संक्रांतीला दादा गड्ड्याच्या जत्रेला येतोय, चार वर्षांनी. तेव्हा टीव्हीसमोर बसवून त्याच्या हातात ती गाडी द्यायची आहे. कृपा करून सांगा, गाडी होती ना? आणि असली तर ती आज कशी चालवायची?

कॅसेटवाला

भाऊ, तुम्ही सनसॉफ्ट कंपनीचा ‘बॅटमॅन’ खेळला असाल. आपल्याकडच्या भाड्याच्या कॅसेटमध्ये तोच असायचा. १९८९च्या सिनेमावरचा. भिंतीवर पाय टेकून उलटी उडी मारत वर चढायचं आणि शेवटी घंटेच्या मनोऱ्यात जोकर. अंगठ्याला घट्टे पडायचे. पण त्यात गाडी चालवायला मिळत नाही, मधल्या चित्रांत फक्त दिसते. त्यामुळं तुमचा प्रश्न तिथंच राहतो खरा.

मेगाड्राईव्ह_नाद

एक सांगा. गाडी बाजूनं दिसायची की मागून? म्हणजे ती डावीकडून उजवीकडे पळायची, की तुम्ही तिच्या पाठीमागे असायचा आणि रस्ता समोरून यायचा?

हे विचारतोय कारण सेगावर बॅटमॅनचे बरेच गेम आहेत. सनसॉफ्टनंच १९९०ला मेगा ड्राईव्हवर, म्हणजे सेगाच्या कॅसेटच्या मशीनवर, वेगळा ‘बॅटमॅन’ काढला. त्यात पायी चालणं आहे, बॅटमोबिल म्हणजे बॅटमॅनची गाडी आहे आणि बॅटविंग विमानही आहे, पण सगळं बाजूनं दिसतं. १९९५ला सीडीवर ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ बॅटमॅन अँड रॉबिन’ आला, तो टीव्हीच्या कार्टून मालिकेवरचा. त्यात गाडी मागून दिसते, पण पायी चालायचा भागच नाही. सुपर निन्टेंडो या दुसऱ्या कंपनीच्या मशीनवरचा कोनामीचा ‘बॅटमॅन रिटर्न्स’ म्हणजे मुख्यतः मारामारी, त्यात गाडीची एक फेरी. तुमच्या मशीनवर तो लागणारच नाही.

पूर्वभाग_सोलापूर

मागून. शंभर टक्के मागून. रस्त्यावर बर्फ असायचा, दोन्ही बाजूंना इमारती, आणि त्या इमारती लांबून बोटाएवढ्या दिसायच्या आणि बघता बघता मोठ्या होत अंगावर यायच्या. दादा वळणावर स्वतःच उजवीकडे झुकायचा. समोर सर्कशीतल्या गुंडांच्या गाड्या, त्यांना गोळ्या मारत जायचं. बर्फ आम्ही कधी बघितला नव्हता. आमच्या गल्लीत मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं. दादानं मला विचारलं होतं, “बर्फावर चाक घसरतंय का रे खरंच?”

आणि एक आठवलं. शेवटी शेवटी गाडी नसायची, बोट असायची. दादा तिथं पहिल्यांदा पोचला तेव्हा मध्यरात्र झाली होती. मला उठवून म्हणाला, “चल, पाण्यात आलोय.” गटारासारखा बोगदा होता आणि बोट त्यातून सुसाट.

मेगाड्राईव्ह_नाद

मग भांडण मिटलं. तुमचं बरोबर आहे आणि तुमच्या दादांचंही.

सेगाचे ‘बॅटमॅन रिटर्न्स’ दोन आहेत. पहिला १९९२चा, कॅसेटवरचा, मेगा ड्राईव्हसाठी. त्यात फक्त पायी चालणं, उड्या आणि छपरं. तुमच्या पुतण्यानं मोबाईलवर घेतला तो हा. दुसरा १९९३चा, मेगा-सीडीवरचा, म्हणजे मेगा ड्राईव्हला जोडायच्या सीडीच्या मशीनवरचा, तुमचा खालचा मजला. त्यात कॅसेटचा तो गेम जवळपास तसाच उचलून ठेवलाय आणि गाडीच्या नि बोटीच्या फेऱ्या सीडीसाठी नव्यानं बनवल्यात. टिम बर्टनच्या सिनेमातही पेंग्विनच्या मागावर शेवटी बॅटमॅन बोटीनंच गटारातून जातो, ती ही बोट.

आता मुख्य गोष्ट. सुरुवातीच्या पडद्यावर निवड असते. दोन्ही मिळून पूर्ण गेम खेळा, नुसत्या गाडीच्या फेऱ्या खेळा, नाहीतर नुसता पायी भाग खेळा. आईंनी वाटणी केली म्हणता ना? दादा नुसती गाडी निवडत असणार आणि तुम्ही नुसतं चालणं. दोन वर्षं तुम्ही दोघं एकाच सीडीवर दोन वेगळे गेम खेळलात.

इमारती मोठ्या होत अंगावर येतात याचंही कारण आहे. मेगा ड्राईव्ह एकटं असलं तर त्याला चित्र लहानमोठं करण्याची सोय मशीनमध्येच नाही. लांबची इमारत आणि जवळची इमारत अशी वेगवेगळी चित्रं काढून ठेवावी लागतात, मग ती टप्प्याटप्प्यानं उडी मारत मोठी होतात. मेगा-सीडीत दुसरा प्रोसेसर बसवलाय, १२.५ मेगाहर्ट्झचा, मूळ मशीनच्या ७.६च्या मानानं चांगलाच जलद. शिवाय चित्र फिरवायला आणि लहानमोठं करायला खास चिप आहे. गाडीच्या सगळ्या फेऱ्या त्या चिपच्या जिवावर आहेत. पायी भाग कॅसेटच्या काळातला, त्याला ती चिप लागतच नाही. म्हणून एकाच सीडीतले दोन भाग दोन वेगळ्या काळांतले वाटतात. रंग मात्र वाढले नाहीत. ५१२ रंगांतून एका वेळी ६४, कॅसेटवर तेवढेच आणि सीडीवरही तेवढेच. त्या ६४ रंगांत बर्फ पडलेली रात्र उभी केली, याचं मला फार कौतुक आहे. लोक त्या काळच्या सीडीवरच्या गेममध्ये सिनेमाचे तुकडे दाखवायचे आणि खेळायला थोडंच ठेवायचे. इथं यंत्राची खरी ताकद खेळण्यात वापरली. सिनेमावरून बनलेल्या गेमांत इतकी मेहनत मी फार कमी पाहिली.

पूर्वभाग_सोलापूर

वाचून अंगावर काटा आला. निवडीचा तो पडदा मला आत्ता आठवला. इंग्रजी वाचता यायचं नाही, दादा म्हणायचा “माझं दुसरं, तुझं तिसरं.” क्रमात चूक असेल माझी, पण असंच काहीतरी म्हणायचा.

चिपचं तुम्ही सांगितलंत ते मला आमच्या भाषेत लगेच कळलं. आमच्या घरामागं दोन माग होते. साध्या मागावर साधं कापड निघतं. त्याच मागावर जकार्ड चढवला की चादरीत मोर येतो, फूल येतं. माग तोच, सूत तेच, रंगही तेवढेच. नक्षी येते ती वरच्या जकार्डमुळं. वडील जकार्डची पुठ्ठ्याची कार्डं दोऱ्यानं ओवायचे, एक भोक चुकलं की मोराची मान तुटायची. दादाची गाडी म्हणजे जकार्डची चादर आणि माझं चालणं म्हणजे साधं कापड. वाईट वाटून नाही म्हणत, मला माझं कापड आवडायचं. छपरावर एकटा उभा असलेला तो माणूस आणि हुक फेकून एका कठड्यावरून दुसऱ्यावर लटकत जाणं, त्यात घाई नव्हती.

आता ती चालवायची कशी?

सोल्डरिंग_सातरस्ता

दादा, आधी तुमच्या मशीनचं. मेगा-सीडीच्या अडॅप्टरच्या पिनेत आतलं टोक निगेटिव्ह असतं. बाजारात मिळणारे बहुतेक अडॅप्टर आतून पॉझिटिव्ह. दुरुस्तीवाल्यानं व्होल्ट बघितले असतील, पोल बघितला नसेल. पोल उलटा गेला की पहिल्यांदा फ्यूज जातो. बऱ्याचदा तेवढंच गेलेलं असतं आणि तेवढंच बदलून मशीन उठतं. आता इलाज नाही, पण पुढं कधी जुनं मशीन घेतलंत तर सॉकेटजवळ छापलेली खूण बघितल्याशिवाय वीज देऊ नका.

सीडी शाबूत असेल तर मशीनशिवायही काम होईल. सीडी ड्राईव्ह असलेला कॉम्प्युटर गाठा. मऊ सुती कापडानं सीडी मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. मग तिची पूर्ण प्रत काढा. इथं लोक चुकतात. गेमच्या सीडीत पहिल्या ट्रॅकवर गेम असतो आणि पुढच्या ट्रॅकवर संगीत, साध्या गाण्याच्या सीडीसारखं. नुसता पहिला ट्रॅक काढला तर गाडी चालेल पण मुकी चालेल. म्हणून ‘बिन’ आणि ‘क्यू’ अशा दोन्ही फायली निघतील अशीच प्रत काढा. चालवायला जेनेसिस प्लस जीएक्स हा एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, चांगला आहे. त्याला मेगा-सीडीची बायोस फाईल, म्हणजे मशीन सुरू करणारा आतला प्रोग्राम, लागते.

मस्कतहून आलेलं मशीन पाल पद्धतीचं असणार, आपल्या टीव्हीसारखं. ते सेकंदाला ५० चित्रं दाखवतं, अमेरिकेतलं ६०. एम्युलेटरमध्ये तुमच्या सीडीला युरोपचीच बायोस आणि ५० हर्ट्झ ठेवा. अमेरिकेची प्रत उतरवून घेतलीत तर पायी भाग तुमच्या हाताला पळाल्यासारखा वाटेल आणि उडीचा अंदाज चुकेल. संगीत सीडीवरून थेट वाजतं, त्याचा वेग दोन्हीकडे तोच.

आणि प्रत काढायच्या आधी एक करून बघा. सीडी कॉम्प्युटरमध्ये घालून दुसऱ्या ट्रॅकपासून गाणी वाजवा. पहिला साध्या सीडी प्लेअरवर वाजवू नका, त्यात नुसता कर्कश आवाज असतो, स्पीकर फाटेल.

मेगाड्राईव्ह_नाद

संगीत स्पेन्सर निल्सनचं आहे. हेडफोन लावून ऐका.

पूर्वभाग_सोलापूर

काल रात्री केलं. एका मित्राच्या झेरॉक्सच्या दुकानात जुना कॉम्प्युटर आहे, त्याला सीडी ड्राईव्ह आहे. दुकान बंद झाल्यावर आम्ही दोघं बसलो. सीडीच्या कडेला एक ओरखडा आहे, चंद्रकोरीसारखा. तो माझ्या धाकट्या बहिणीनं पाडलेला, तेव्हा ती रांगायची. भीती वाटत होती. दुसरा ट्रॅक लावला आणि वाजला.

लहानपणी हे संगीत मी पूर्ण असं कधी ऐकलंच नव्हतं. दिवसभर घरामागं मागाची खटखट असायची, टीव्हीचा आवाज कितीही मोठा केला तरी खालचे सूर त्यात बुडायचे. सुटीच्या दिवशी माग बंद असले की मगच ऐकू यायचं, आणि त्या दिवशी नेमकी लाईट जायची. काल पहिल्यांदा ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं.

दादाला फोन लावला. काही बोललो नाही, फोन नुसता स्पीकरसमोर धरला. तिकडं तो जेवत होता, ताटाचा आवाज येत होता. एक ट्रॅक संपला, पुढचा सुरू झाला. मग ताटाचा आवाज थांबला.

“बे,” दादा म्हणाला, “हा बोटीचा आहे.”

प्रत निघालीय, दोन्ही फायली. पुतण्या युरोपची बायोस शोधतोय. दादा तेराला सकाळी पोचतो, आम्ही त्याला आधी जत्रेच्या होम मैदानावर नेणार आणि मग घरी. एकच राहिलं, तीन बटणांचा जुन्यासारखा रिमोट सोलापुरात कुणाकडे पडून आहे का? मोबाईलच्या काचेवर त्याला वळणं घेता येणार नाहीत. कुणाकडे असला तर इथंच लिहा, मी येऊन घेऊन जाईन.

कॅसेटवाला

माझ्याकडे एक आहे. तार थोडी सैल आहे, पण बटणं ठणठणीत. आधी सोल्डरिंग भाऊंकडून तार पक्की करून घेतो, मग तुम्हाला कळवतो.