शब्द हवा आहे: उन्हाळा 'संपला', 'सरला' की 'निवला'?

परवा फोनवर आईला म्हटलं, "इकडचा उन्हाळा संपत आला गं." ती म्हणाली, "आत्ता? अगं, गौरी जेवल्या आमच्या!" तिच्या हिशेबी उन्हाळा जूनमध्येच गेला. खरं तर तोही 'संपला' नव्हता, पाऊस लागला होता.

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. मराठीत उन्हाळा आपणहून कधी जातो का? मृग लागतो, छत्र्या निघतात, छपरं गळतात आणि या धांदलीत उन्हाळा गेल्याचं मागाहून लक्षात येतं. मी गेली अकरा वर्षं बोलोन्यात राहते, उत्तर इटलीत. इथे उन्हाळ्याला ढकलून बाहेर काढणारं कुणी येत नाही. ऑगस्टच्या शेवटी एखादं वादळ होतं, दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा तापतं. दारात चपला घालून तासभर बोलत उभ्या राहणाऱ्या पाहुण्यासारखा तो निघता निघत नाही.

१५ ऑगस्टला इथे फेर्रागोस्तो असतो. (माझ्या लेकाला बरीच वर्षं वाटायचं की इटलीलाही त्याच दिवशी स्वातंत्र्य मिळालं.) ऑगस्टस बादशहाने इ.स.पू. १८ मध्ये सुरू केलेली ही सुट्टी, पुढे चर्चने त्याच दिवसांत येशूच्या आईच्या, मारियेच्या स्वर्गारोहणाचा सण बसवला. त्या आठवड्यात गाव समुद्रावर किंवा डोंगरात. कोपऱ्यावरच्या बेकरीच्या शटरवर हाताने लिहिलेला कागद: 'कियूझो पेर फेरिए', सुट्टीनिमित्त बंद. खाली तारखा आणि बॉलपेनने काढलेली एक वाळूतली छत्री. कागदाची चिकटपट्टी उन्हाने सुटून एक कोपरा फडफडत असतो. याला आपल्याकडे फार नेमका शब्द आहे: शुकशुकाट. इथवर काहीच अडत नाही.

अडतं ते पुढे. बोलोन्या हे विटांचं गाव. आमच्या गल्लीतली भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री अकरालाही तिला हात लावला तर चुलीवरून नुकत्या उतरवलेल्या तव्याजवळ हात नेल्यासारखं वाटतं. काल रात्री कचरा टाकून येताना सवयीने हात टेकवला आणि भिंत गार नव्हती, पण गरमही नव्हती. मला आईला सांगायचं होतं ते हे. 'संपला' म्हटलं की डबा रिकामा झाल्यासारखं वाटतं. दुसरं क्रियापद सुचवा.

आणखी एक. महिनाअखेरीला सगळे परततात, त्याला इथे 'रिएंत्रो' म्हणतात. शब्दशः 'पुन्हा आत येणं'. बातम्यांत महामार्गावरच्या रांगा, दुकानात वह्या-दप्तरं, तोंडं पडलेली. 'परतणं' त्याला पुरत नाही.

प्रतिसाद, पुण्याहून

'सरला' आहे की! वर्ष सरलं, दिवस सरले, पावसाळा सरला. काळासाठी हेच क्रियापद. 'ओसरला'ही चालेल.

मूळ लेखिका

'सरला' गोड आहे, पण फोनवर मी तसं म्हटलं तर आई विचारेल, बरी आहेस ना? 'ओसरणं' मी आजमावून पाहिलं. पूर ओसरतो, गर्दी ओसरते, ताप ओसरतो. ज्याची पातळी चढलेली असते ते ओसरतं. उकाडा ओसरला म्हणेन. उन्हाळा मात्र ओसरत नाहीसा वाटतो. कानाचा प्रश्न आहे, नियम नाही.

प्रतिसाद, कोल्हापूरहून

ताई, उत्तर तुमच्याच तव्यात आहे. तवा निवतो! आमच्यात चहा निवतो, दूध निवत ठेवतात, उन्हातून आलेल्याला "जरा निव, मग पाणी पी" असं म्हणतात. तापलेलं हळूहळू, आपलं आपण गार होणं म्हणजे निवणं. फुंकर मारली की ते निववणं. तुमची भिंत निवली.

मूळ लेखिका

हेच हवं होतं! शिवाय लेकराला बघून 'डोळे निवले', 'जीव निवला' म्हणतो, त्यातला सुटकेचा भाव पण येतो. पो नदीच्या सखल खोऱ्यातला उन्हाळा म्हणजे वारा नाही आणि हवा दमट. इथे त्याला 'आफा' म्हणतात, मी 'गदमदणं' म्हणते. तीन महिने गदमदल्यावर जीव निवतोच.

प्रतिसाद, नागपूरहून

गदमद ठीक आहे, पण त्याला उन्हाळा म्हणू नका हो. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ भाजणारे दिवस, काढा एकदा आमच्याकडे, मग बोलू. बाकी एक शंका: आभाळ 'निवळलं' म्हणतो, तेच का हे?

प्रतिसाद, कोल्हापूरहून

नाही. निवळणं म्हणजे गढूळपणा जाऊन स्वच्छ होणं. गाळ बसला की पाणी निवळतं. ते लवकर व्हावं म्हणून निवळीचं बी उगाळून घालत. भांडणानंतर वातावरणही निवळतं. निवणं उष्णतेचं, निवळणं गढूळपणाचं. हल्ली पेपरात सुद्धा दोन्हीची खिचडी होते.

प्रतिसाद, रत्नागिरीहून

रिएंत्रोसाठी शब्द शोधताय आणि चाकरमानी विसरलात? गणपती विसर्जन झाले की मुंबईच्या गाड्यांना जी गर्दी होते, डोक्यावर पिशव्या, पिशवीत नारळ आणि तांदळाचं पीठ, तोंडं उतरलेली, तेच की तुमचं. महिनाही तोच! आम्ही त्याला वेगळं नाव दिलं नाही, "चाकरमानी निघाले" एवढंच म्हणतो. गंमत म्हणजे आमच्या लेखी ते परतत नाहीत, 'जातात'. परतणं ते गावाला येणं. तुमचे इटालियन बघा कसे, 'आत येणं' म्हणतात ते शहरात. आमचं 'आत' गावात आहे.

मूळ लेखिका

हे वाचून जरा वेळ गप्प बसले.

खाली बेकरीवाल्याने आज शटर उघडलं. काळाठिक्कर पडलाय. कॉफीच्या बारमध्ये तीच चार म्हातारी मंडळी त्याच कोपऱ्यात. याला मी 'वर्दळ' म्हणणार होते, पण वर्दळ अनोळखी माणसांचीही असते, स्टेशनावर असते. ओळखीच्या माणसांचं नेहमीचं येणं-जाणं म्हणजे राबता. तेव्हा ऑगस्टमध्ये शुकशुकाट आणि सप्टेंबरमध्ये राबता. रिएंत्रोचं भाषांतर मी सोडून दिलं. 'राबता सुरू झाला' म्हणेन.

प्रतिसाद, फोंड्याहून

तुमच्या त्या कागदावरचा 'फेरिए' आमचा नातेवाईक आहे. लॅटिनमध्ये 'फेरिए' म्हणजे सणाचे, कामबंदीचे दिवस. पोर्तुगीजांत त्याचं 'फैरा' झालं, म्हणजे बाजार, कारण सणाला बाजार भरतो. गोव्यात जत्रेला, फेस्ताला दुकानं लागतात तिला अजून 'फेरी' म्हणतात. तोच शब्द इटलीत दुकान बंद करतो आणि आमच्याकडे दुकान लावतो! (फेरीवाल्यातली फेरी मात्र वेगळी, ती 'फेरा'वरून, अस्सल आपली.)

पोर्तुगीजांचा सोमवारही 'सेगुंदा-फैरा', दुसरी फेरी. कामाच्या वारांना सुट्टीचं नाव दिलंय त्यांनी.

प्रतिसाद, पुण्याहून

मग त्या 'निवलेल्या' उन्हाळ्यानंतर येतो त्याला शरद म्हणायचं ना?

मूळ लेखिका

तिथे मी दरवर्षी अडखळते. शाळेच्या तक्त्यावर शरदाखाली गळणारी पिवळी पानं असतात, पण आपला शरद आश्विन-कार्तिकाचा: निवळलेलं आभाळ, कोजागरी, आटवलेलं दूध. पानं गळतात ती शिशिरात, माघ-फाल्गुनात. म्हणून इथल्या त्या ऋतूला मी सरळ 'पानगळ' म्हणते. कागदावर आपले ऋतू सहा, बोलण्यात तीनच आणि तिन्ही 'ळा'कारान्त, कारण शेवटी 'काल' दडलाय: उष्णकाल, उन्हाळा. इथल्या लोकांचे चार, पण त्यातले दोन, वसंत आणि पानगळ, 'मेद्झे स्ताजोनी', म्हणजे अर्धे ऋतू. लिफ्टमध्ये कुणी भेटलं की ठरलेलं वाक्य: आता अर्धे ऋतू राहिलेच नाहीत हो. यावर मान हलवायची असते. हलवली नाही तर तुम्ही परके.

प्रतिसाद, नाशिकहून

आयुर्वेदात 'ऋतुसंधी' आहे. जाणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्याचे पहिले सात. या काळात आधीचा आहारविहार हळूहळू सोडायचा, नवा हळूहळू धरायचा, नाहीतर आजार.

मूळ लेखिका

शब्द देखणा आहे, पण वरच्या मजल्यावरच्या आजीबाईंना तो कळवण्याची गरजच नाही, त्या तो पाळतात. सप्टेंबर लागला की गळ्याला पातळ रुमाल. मी ओले केस घेऊन जिन्यात दिसले की ओरडतात, "कोल्पो दारिया!" शब्दशः हवेचा फटका. माझी आई सातारला बसून हेच म्हणते: वारं बाधेल.

आता शेवटचा गोंधळ. घरातली हीटिंग आमच्या पट्ट्यात १५ ऑक्टोबरपासून चालू करता येते, त्याआधी नाही. तोवर घरात अंगावर घालायला लागतं. म्हणून इथे कपाटांची अदलाबदल करतात, उन्हाळी कपडे वर, गरम खाली. त्यालाही ऋतुबदलाचंच नाव: 'काम्बिओ दि स्ताजोने'. काल आईला सांगितलं, "आज सगळे स्वेटर काढले."

ती म्हणाली, "एवढ्यात काढले? थंडी पडेल ना आता, घालून ठेव!"

प्रतिसाद, कोल्हापूरहून

'ट्रंकेतून काढले' म्हणायचं होतं. आमच्याकडे अंगातून काढतो ते 'उतरवतो', पण तेही फक्त दागिन्यांचं आणि टोपीचं. स्वेटरचं काय म्हणतो ते बायकोला विचारून सांगतो.