दोन दिवसांचा आरसी मॉडेल शो: माळाची आखणी, फ्लाइट लाइन, बॅटऱ्या

प्रवराकाठ

मंडळी, संगमनेर तालुक्यात एका माळावर आरसी (रेडिओ कंट्रोल) मॉडेलांचा शनिवार-रविवार शो घ्यायचे ठरते आहे. तारीख जानेवारीच्या मध्याची धरली आहे. विमाने, क्वाड (चार पंख्यांचे ड्रोन), गाड्या आणि जमल्यास बोटी. पायलट वीस-पंचवीस, बघायला येणारे पाचशेच्या आसपास, त्यात शाळेची मुले बरीच.

माळ पूर्व-पश्चिम २५० मीटर लांब, १२० मीटर रुंद. दक्षिणेला डांबरी रस्ता. उत्तरेला अर्धा किलोमीटर पडीक जमीन, वस्ती नाही. पूर्वेच्या टोकाला महावितरणची ११ केव्ही लाइन जाते. उत्तरेच्या बांधावर कडुलिंबाची झाडे आहेत, म्हणून प्रेक्षक तिथे सावलीत आणि रनवे मधोमध असा विचार आहे. शेजारी प्लास्टिक कागद टाकलेले शेततळे आहे, बोटी तिथे चालवू.

आखणी बरोबर आहे का? परवानगी कशाकशाची लागेल? आणि चार्जिंगसाठी जनरेटर किती मोठा घ्यावा?

डेडस्टिक

प्रेक्षक उत्तरेला अजिबात नकोत. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. उत्तरेला बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत ऊन जाणार, आणि पायलटही त्यांच्या बाजूने उभा राहिला तर विमान सूर्यासमोरून गेले की त्याला फक्त काळी आकृती दिसते. विमान आपल्याकडे येते आहे की लांब जाते आहे हे त्या दोन सेकंदांत कळत नाही. तेवढ्यात चुकीचा एलेरॉन (विंगच्या मागच्या कडेची, विमान कलवणारी फळी) दिला की संपले. पायलट आणि प्रेक्षक दोघेही दक्षिणेला, तोंड उत्तरेकडे. उडायची जागा पडीक जमिनीवर. सावलीसाठी मांडव घाला, तो खर्च टाळू नका.

तुमची १२० मीटर रुंदी यात बसते. रस्त्याकडून मोजत चला: २० मीटर पार्किंग, २० मीटर मांडव आणि स्टॉल, मग बांबू आणि दोरीचे कुंपण. कुंपणापुढे ३० मीटर मोकळा पट्टा, तिथे कोणीही नाही, फोटो काढणारेही नाहीत. मग पायलटांची रेषा, तिच्यापुढे १० मीटरवर रनवेची कड, रनवे १२ मीटर रुंद. पायलटांची रेषा चुन्याने आखा आणि नियम एकच ठेवा: ही रेषा ओलांडून दक्षिणेला कोणतेही मॉडेल येणार नाही. आले तर त्या पायलटचे दिवसभराचे उड्डाण बंद. हे शुक्रवारीच सगळ्यांना सांगून टाका, म्हणजे मैदानावर वाद होत नाही.

रनवे मधोमध नको, पश्चिमेकडे सरकवा. पश्चिम टोकापासून ५० मीटर सोडून १०० मीटरची धावपट्टी घेतली की ११ केव्ही लाइनपर्यंत १०० मीटर उरतात. पूर्वेचा वारा असेल तर उड्डाण लाइनच्या दिशेनेच होणार, म्हणून पहिले वळण कायम डावीकडे, उत्तरेला. पश्चिमेचा वारा असेल तर उजवीकडे, तेही उत्तरेलाच. तारेत मॉडेल अडकले तर बांबूने काढायला जाऊ नये. महावितरणच्या स्थानिक उपकेंद्राचा नंबर आधीच घेऊन ठेवा आणि तिथल्या माणसाने लाइन बंद केल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही.

हवेत एका वेळी चार मॉडेल पुरे. प्रत्येक पायलटच्या शेजारी एक स्पॉटर, त्याची नजर आकाशात इतरत्र. टेकऑफ, लँडिंग आणि मोटर बंद पडली तर 'डेडस्टिक' अशी हाक मोठ्याने द्यायची. मोटर बंद पडलेल्या विमानाला रनवेचा पहिला हक्क, बाकीचे वर थांबतात.

उडण्याआधीची तपासणी टेबलावर नाही, रेषेवर करा. सीजी (विमानाचा तोलबिंदू) विंगच्या पुढच्या कडेपासून कॉर्डच्या (विंगच्या रुंदीच्या) २५ ते ३३ टक्क्यांत. एलेरॉनची दिशा मागून बघून: स्टिक उजवीकडे, तर उजवे एलेरॉन वर. रेंज चेक मोडवर (ट्रान्समिटरची ताकद कमी करून) ३० पावले चालत जाऊन सगळे सर्व्हो (फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) हलतात का पाहा. फेलसेफ (सिग्नल गेल्यावर मॉडेलने काय करायचे ते सेटिंग) मात्र शंभर टक्के मॉडेलांचा तपासा. मॉडेल घट्ट धरून, थ्रॉटल थोडा देऊन ट्रान्समिटर बंद करायचा, मोटर थांबली पाहिजे. बरेच रिसीव्हर सिग्नल गेल्यावर शेवटची स्थिती धरून ठेवतात. सेटिंग केले नसेल तर विमान तसेच पूर्ण थ्रॉटलवर निघून जाते आणि गर्दी असेल तिकडेही जाऊ शकते.

वेळ: सकाळी साडेसात ते अकरा विमाने. अकरानंतर माळ तापतो, थर्मल (तापलेल्या हवेचे वर जाणारे प्रवाह) सुटतात, झोत येतात. हलकी फोमची विमाने लँडिंगच्या वेळी आदळतात ती याच वेळेत. थर्मल ग्लायडरना मात्र साडेदहाची वेळ सोन्यासारखी, ती त्यांना राखून द्या. दुपार गाड्यांना, साडेतीननंतर परत विमाने.

सेल_बॅलन्स

जनरेटरचे गणित अवघड नाही. ३एस (तीन सेलचा) २२०० एमएएचचा पॅक १सी ने (क्षमतेएवढ्या करंटने), म्हणजे २.२ अँपियरने चार्ज केला तर १२.६ व्होल्ट गुणिले २.२, साधारण २८ वॅट. चार्जरची गळती धरून ३५. ६एस ५००० चा पॅक ५ अँपियरने १२६ वॅट घेतो, गळतीसह १५० धरा. दोन्ही प्रकारचे पाच-पाच चार्जर एकदम चालले तरी ९२५ वॅट होतात. २ केव्हीएचा पुरतो. इन्व्हर्टर प्रकारचाच घ्या, साध्या जनरेटरचे व्होल्टेज लोड बदलला की उड्या मारते आणि चार्जरचे पॉवर सप्लाय जळतात. लाउडस्पीकर त्यावर लावू नका, मांडववाल्याचा वेगळा असतोच.

चार्जिंगची जागा मांडवाच्या आत नको. वाऱ्याच्या खालच्या अंगाला, वेगळे छप्पर, खाली गवत काढलेली जमीन, टेबलावर फरशीचे तुकडे. प्रत्येक पॅक स्वतंत्र फरशीवर. कोरड्या वाळूच्या चार बादल्या. एक माणूस कायम तिथे बसलेला हवा, चार्ज लावून जेवायला गेला असे चालणार नाही.

लिपोबाबत (लिथियम पॉलिमर पॅकबाबत) नेमके काय बिघडते ते पायलटांना लिहून द्या. उड्डाण झाल्यावर पॅक कोमट असतो, हाताला पूर्ण गार लागल्याशिवाय चार्जरला लावायचा नाही. कायम बॅलन्स मोड, कारण एक सेल मागे राहिला की दुसरा ४.२ व्होल्टच्या वर जातो. उड्डाणात ३.५ व्होल्ट प्रति सेलच्या खाली नेऊ नये, टायमर त्याआधीच वाजेल असा लावा. आपटलेल्या विमानातला पॅक बाहेरून धड दिसला तरी किमान अर्धा तास सगळ्यांपासून दूर, उघड्यावर ठेवायचा. आतला सेपरेटर फाटला असेल तर तो उशिरा पेटतो. फुगलेला पॅक चार्ज करायचाच नाही. बंद गाडीत तर काहीच ठेवू नका, पॅकही नाही आणि विमानही नाही. उन्हात हॉट ग्लू मऊ पडतो आणि सर्व्हो जागचे सुटतात.

आणखी एक, ४एस वापरणाऱ्यांसाठी. ईएससीमधला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमधला) लिनिअर बीईसी (रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज देणारा भाग) ४एसवर फार तापतो. चार सर्व्हो एकदम ओढले की व्होल्टेज कोसळते, रिसीव्हर रीबूट होतो आणि लोक म्हणतात 'सिग्नल गेला'. ५ अँपियरचा वेगळा यूबीईसी बसवा, हा प्रकार बंद होतो.

नकाशा_आधी

परवानगीचे सांगतो. आरसी विमानही ड्रोन नियम २०२१ मध्येच येते. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर आपला माळ ग्रीन झोनमध्ये (आधी परवानगी न लागणाऱ्या हद्दीत) आहे का ते आधी पाहा आणि शोच्या आदल्या दिवशी परत पाहा, झोन बदलू शकतात. ग्रीन झोनमध्ये मर्यादा ४०० फूट, म्हणजे १२० मीटर. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूट.

२५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. मायक्रो बिगर-व्यावसायिक उडवायला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. नोंदणी क्रमांक मात्र लागतो, आणि नॅनो सोडून सगळ्यांना थर्ड पार्टी विमा. म्हणून माझा आग्रह: हवेतले प्रत्येक मॉडेल काट्यावर तोला, २ किलोच्या आत असेल तरच घ्या, आणि प्रवेशाला तिकीट लावू नका. तिकीट लावले की बिगर-व्यावसायिक म्हणणे अवघड जाते. ४० साइझचा ग्लो ट्रेनर (इंधनाच्या इंजिनाचे शिकाऊ विमान) उडायला तयार झाला की २ किलोच्या वर जातो. तो आणणाऱ्याकडे सर्टिफिकेट नसेल तर त्याचे मॉडेल टेबलावर मांडा, इंजिन दाखवा, उडवू नका.

पोलीस ठाण्यात लेखी अर्ज, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, जमीनमालकाची संमती आणि लाउडस्पीकरची वेगळी परवानगी. सरकारी रुग्णालयालाही पत्र द्या.

तारीख बदला. येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस पतंग उडतात आणि आजूबाजूच्या तालुक्यांतही जोर असतो. मांजा नंतरही कित्येक दिवस झाडांवर, तारांवर लोंबत राहतो. प्रॉपेलरमध्ये गुंतला तर शाफ्टवर गुंडाळून मोटर जाम होते, ईएससी जळते. त्यानंतरचा आठवडा २६ जानेवारीचा, तेव्हा ड्रोनबंदीचे आदेश निघू शकतात. फेब्रुवारीचा पहिला शनिवार-रविवार बरा.

प्रवराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तारीख फेब्रुवारीवर नेतो, प्रेक्षक दक्षिणेला. दोन गोष्टी राहिल्या: क्वाडची एफपीव्ही रेस (कॅमेऱ्याचे चित्र गॉगलमध्ये बघत उडवायची) एका वेळी किती जणांची ठेवू? आणि शेततळ्याबद्दल कोणी बोलले नाही.

रेसबँड

चौघांची. भारतात ५.८ गिगाहर्ट्झची विनापरवाना पट्टी ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ आहे. रेसबँड या व्हिडिओ चॅनलांच्या संचाचे तिसरे ते सहावे चॅनल, म्हणजे ५७३२, ५७६९, ५८०६ आणि ५८४३, एवढेच त्यात बसतात. सगळे व्हीटीएक्स (व्हिडिओ ट्रान्समिटर) २५ मिलिवॉटवर. एकानेही २०० वर ठेवला तर शेजारच्या चॅनलवाल्याच्या गॉगलमध्ये रेघा येतात. रेस चालू असताना पिटमध्ये (तयारीच्या जागेत) कोणीही क्वाडला बॅटरी लावायची नाही, कारण व्हीटीएक्स वीज मिळताच प्रसारण सुरू करतो आणि हवेतल्याचे चित्र जाते. यासाठी माणूस नेमा, घोषणेवर विसंबू नका. गेटभोवती जाळी हवीच. आणि कार्यक्रम मोबाइलवरून लाइव्ह दाखवणार असाल तर वायफाय हॉटस्पॉट पायलटांच्या रेषेजवळ नको, कंट्रोल लिंकही २.४ गिगाहर्ट्झवरच असते.

मुरूमट्रॅक

गाड्यांचा ट्रॅक पश्चिमेच्या ५० मीटरच्या रिकाम्या तुकड्यात, पण विमाने बंद असतील तेव्हाच. रुंदी ३ मीटर, कडेला काळा ठिबकचा जुना पाइप खुंट्यांनी ठोकलेला. १/८ बग्गी (खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश मापाची) साडेतीन किलोच्या आसपास असते आणि ताशी ६० किलोमीटरच्या वर जाते, पाइपवरून उडते. सरळ पट्ट्याच्या शेवटी मातीने भरलेल्या गोण्यांची दोन थरांची भिंत घाला, प्रेक्षक त्या टोकाला नकोतच. आदल्या संध्याकाळी टँकरने पाणी मारा. सकाळी मारले तर वर चिखल आणि खाली कोरडे राहते. ज्याची हीट (शर्यतीची फेरी) संपली त्याने पुढच्या हीटला मार्शल म्हणून उभे राहायचे. उलटलेली गाडी उचलताना मार्शलने आधी येणाऱ्या गाड्यांकडे बघायचे, मग वाकायचे.

डेडस्टिक

शेततळे रद्द करा. कागदाचा उतार ओला झाला की पोहणाऱ्या माणसालाही वर येता येत नाही, आणि बंद पडलेली बोट काढायला कोणीतरी हमखास उतरतो. मुले असताना तर नकोच, कुंपणाचे दारही दोन दिवस कुलूपबंद ठेवा. जवळ उथळ, मातीच्या काठाचा पाझर तलाव असेल तर बोटींचा कार्यक्रम तिथे वेगळा घ्या. बंद पडलेली बोट ओढायला गळाची काठी आणि दोरीला बांधलेला टेनिस बॉल पुरतो: बोटीच्या पलीकडे फेकायचा आणि दोरी हळू गुंडाळत आणायची. काठावर दोन लाइफ जॅकेट आणि फेकायची दोरी ठेवा. तलाव मिळत नसेल तर यंदा बोटी वगळा.