'अलबेला'मधला ट्रम्पेट कोणाचा? आणि तसलं अजून कुठे ऐकायला मिळेल?

कॅसेटवाला_नाशिक:
नमस्कार मंडळी. 'अलबेला' (१९५१) लहानपणापासून पाठ आहे, भगवानदादांच्या नाचासकट. हल्ली चांगले हेडफोन घेतले आणि 'शोला जो भडके' पुन्हा लावलं, तर गाण्याकडे लक्षच जाईना. सगळं लक्ष त्या ब्रासकडे, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांकडे. सी. रामचंद्रांची चाल हे कळतं, पण हे वाजवलंय कोणी? आणि अशा वाजवणाऱ्यांचं फिल्मी गाण्यांबाहेरचं काही मिळतं का? 'जुनी हिट गाणी' छापाच्या याद्या कृपया नकोत. त्या सगळ्या फिरून 'लग जा गले'वर येतात.

मिक्सर_ऑन:
सोपं आहे. गाणं लाव, ॲपला पुढचं सुचवू दे. ऐकत राहा.

कॅसेटवाला_नाशिक:
तेच केलं राव. तीन गाण्यांनंतर 'लग जा गले' आलं.

झावबावाडी:
तुझा ट्रम्पेटवाला म्हणजे चिक चॉकलेट. खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचा, जन्म १९१६. ताजमध्ये त्याचा बँड वाजायचा आणि लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. 'दीवाना परवाना' नीट बघ, झालरीचे सदरे घातलेली मंडळी दिसतील. तो आणि त्याचा बँडच आहे तो. १९६७ साली गेला, पन्नाशीच्या आसपास.

आता तुझा दुसरा प्रश्न. मी गिरगावात वाढले, कावेल ही ख्रिस्ती वस्ती आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. धोबीतलावला गोंयकारांच्या कुडी होत्या, म्हणजे गावागावाच्या खोल्या. मुंबईत नोकरी शोधायला आलेला माणूस आपल्या गावच्या कुडीत उतरायचा. त्यात वाजवणारेही असत. संध्याकाळी वाद्याची काळी पेटी घेऊन हॉटेलात, सकाळी तीच पेटी घेऊन रेकॉर्डिंगला. आमच्या बाबांना ते 'बाजेवाले' वाटायचे, आणि ह्या एका बाबतीत बाबांचं माझं कधी पटलं नाही. कारण संगीतकार पेटीवर चाल ऐकवून मोकळे व्हायचे. वीस व्हायोलिनं काय वाजवणार, ट्रम्पेट कुठे घुसणार, हे कागदावर लिहायचं काम ह्यांचं. गोव्यात चर्चच्या शाळांत पोरांना गाण्याबरोबर नोटेशन वाचायला शिकवत, म्हणून हे जमायचं. आणि टायटलमध्ये? 'सहाय्यक'. तेही नशीब असेल तर.

म्हणून माझी पद्धत सांगते. गायकाचा माग काढू नकोस, संगीतकाराचाही नको. अरेंजर धर, म्हणजे कोणतं वाद्य काय वाजवणार हे लिहिणारा. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसोझा. प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या त्या गाण्यातलं नाव त्यांचंच, गाणं मात्र अमिताभचं झालं. आणि फ्रँक फर्नांड. ह्यांच्यापाशी थांब, कारण इथून तू हिंदीच्या बाहेर पडतोस. स्वतः ट्रम्पेट वाजवायचे, हिंदीत अरेंजर, आणि पदरचे पैसे घालून कोकणी सिनेमे काढले: 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६). दुसऱ्याचा पुढच्याच वर्षी हिंदीत 'तकदीर' झाला. आधी 'आमचें नशीब'ची गाणी ऐक. जे लोक हिंदीत दुसऱ्याच्या चालीमागे बसायचे, ते इथे पुढे येऊन वाजवतात.

मडगांवकर:
काकूंनी छान लिहिलंय, पण क्रिस पेरी राहिला हो! आमच्या मडगावचा, बोर्ड्याचा. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, चाली, शब्द, सगळं एकटा. मुंबईत चर्चगेटला ॲस्टोरिया हॉटेलच्या 'व्हेनिस'मध्ये त्याचा बँड आणि समोर गायिका लॉर्ना. नाशिकच्या भावाने 'बेबदो', 'पिसो' आणि 'लिस्बोआ' ह्याच क्रमाने ऐकावं. ब्रास ऐकायचाय म्हणतोस ना? 'पिसो' मोठ्या आवाजात लाव. लॉर्ना मग बरीच वर्षं गायलीच नाही, १९९५ला मिरामारला परत उभी राहिली. 'नाचों-या कुंपासार' (२०१४) हा सिनेमा ह्या दोघांवरून सुचलेला आहे, गाणी क्रिसचीच जुनी, नव्याने वाजवलेली. सिनेमा चांगला आहे, पण आधी मूळ ऐक.

एक कामाची गोष्ट. देवनागरीत शोधलंस तर अर्धं सापडणार नाही. आमच्या रेकॉर्डी, कॅसेटी, तियात्राच्या (आमच्या कोकणी नाटकाच्या) जाहिराती, सगळं रोमी म्हणजे रोमन लिपीत. 'नशीब'मधला श तिथे एक्सने लिहितात, शब्दाच्या शेवटी नाकात जाणारा आवाज असेल तर एम लावतात. एवढं लक्षात ठेवलंस की शोध एकदम उघडतो.

आणि तियात्राची कांतारां, म्हणजे गाणी, सोडू नकोस. तियात्र सुरू झालं तेच मुंबईत, १७ एप्रिल १८९२ला. दोन पडद्यांच्या मधे गायक येतो आणि नाटकाशी काडीचा संबंध नसलेलं गातो: महागाई, मुख्यमंत्री, सासू, जे असेल ते. एम. बॉयर आणि आल्फ्रेड रोझपासून सुरुवात कर. शब्द सगळे कळले नाहीत तरी मराठी माणसाला टोमणा बरोबर कळतो.

झावबावाडी:
क्रिस राहिला नव्हता, तुझ्यासाठी ठेवला होता :) बाकी आल्फ्रेड रोझबद्दल शंभर टक्के सहमत.

मिक्सर_ऑन:
मान्य, ॲप हरलं. पण सगळं जुनंच का? नवं कोणी?

मडगांवकर:
सोनिया शिरसाट ऐक, आमच्या फोंड्याची, फादो म्हणजे पोर्तुगीज गाणी गाते. अगदी नवं नाही पण रेमो फर्नांडिसचं 'गोवन क्रेझी' (१९८४) पण धर. शिवोलीच्या घरात बसून, बहुतेक वाद्यं स्वतःच वाजवून केलेली कॅसेट आहे. आजच्या बेडरूममध्ये बसून गाणी करणाऱ्या पोरांनी ऐकायला हवी.

कॅसेटवाला_नाशिक:
काकू, दादा, दंडवत. 'पिसो' लावलं, खालच्या मजल्यावरून निरोप आला. आता 'निर्मोण' शोधतोय, एक्सबिक्स लावून. मधल्या वेळात एक विचारतो: सेबॅस्टियन डिसोझांची लिखावट ओळखायची तर पहिलं गाणं कुठलं लावू? राज कपूरचं सोडून सांगा, ती सगळी ऐकून झालीत.