मदत हवी आहे: कोल्हापूरहून मुंबई-हैदराबादच्या विमानाचा खरा उड्डाणवेळ

मंडळी, कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून अंतर आणि वेळेचा तक्ता करतोय. अंतर जमलंय. वेळेसाठी नेहमी जाणाऱ्यांकडून नोंदी हव्यात.

विमानतळ ते विमानतळ सरळ हवाई अंतर मुंबईला सुमारे ३०७ किमी, हैदराबादला ४४५. शहराचा मध्य धरू नका, हैदराबादचा विमानतळ शमशाबादला, शहरापासून बरंच दक्षिणेला आहे. एक्सेलमध्ये हे अंतर काढताना अक्षांश-रेखांश आधी अंशांतून रेडियनमध्ये (कोन मोजायचं दुसरं एकक) बदलावे लागतात, नाहीतर उत्तर भलतंच येतं.

अडचण वेळेची आहे. एटीआर ७२ या पंख्याच्या (प्रॉपेलर) छोट्या विमानाचा वेग ताशी ५०० किमी धरला तर हैदराबाद ५३ मिनिटांवर, मुंबई ३७ वर. पण चढताना-उतरताना वेग कमी असतो, मार्गही अगदी सरळ नसतो. शिवाय वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते, त्यात टॅक्सीइंग, म्हणजे विमानाचं जमिनीवरचं चालणं, आलं. मुंबईत आकाशात घिरट्या पडल्या की हिशोबच कोलमडतो.

वाऱ्याचाही मोठा वाटा. पश्चिमेचा ४० किमीचा वारा असेल तर हैदराबादला जाताना ४९ मिनिटं, येताना ५८.

म्हणून प्रत्येक फेरीच्या चार वेळा लिहा: विमान हललं, चाकं उचलली, चाकं टेकली, विमान थांबलं. सोबत तारीख आणि विमानाचा प्रकार. जेटच्या नोंदी वेगळ्या ठेवायच्यात. उशीर किती झाला ते नको, त्याचा उड्डाणवेळेशी संबंध नाही. मुंबईला उतरतानाच्या नोंदी सगळ्यात जास्त हव्यात. आणि मुंबईसाठी घिरट्यांची किती मिनिटं धरावीत, जाणकारांनी सांगा.