विषय: रविवारची तालीम माईंकडे नको

मंडळी,
पाडव्याच्या कार्यक्रमाची तालीम माईंकडेच ठरल्याचं आत्ता वाचलं. कृपया बदला. ऑपरेशन बुधवारी झालंय आणि डॉक्टरांनी सात दिवस पूर्ण मौन सांगितलंय. तोंडातून दुर्बीण घालून स्वरतंतूवरची गाठ काढली, त्यामुळे बाहेर टाका नाही की पट्टी नाही. येणारा जो तो "छान दिसताय की!" म्हणत गप्पा मारायला बसतो. काल दोघी आल्या होत्या. माईंचं पाटीवर अर्धं लिहून होतंय तोवर पुढचा प्रश्न! शेवटी माई कुजबुजायला लागल्या. कुजबुजायलाही मनाई आहे, त्यानेही गळा आवळला जातो.
– नंदा

नंदाताई,
पेटी आणि तंबोरा दोन्ही माईंकडे आहेत. पेटी हलवायची तर मी स्वतः हलवीन, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. गणपतीत भात्याचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय तीन दिवसांचं मौन पुरतं, असं जपानमधल्या 2017 च्या अभ्यासात आहे. रविवारी चौथा दिवस. माई नुसत्या ऐकतील.
– अण्णा

अण्णा,
तो अभ्यास मी वाचलाय, माझं कामच ते आहे. तीन दिवसांनी त्या रुग्णांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हळूहळू आवाजाचे व्यायाम दिले होते, तालमीला नव्हतं बसवलं. माईंना त्यांच्या सर्जननी सात सांगितलेत, तर सातच. नुसतं बोलतानाही बाईमाणसाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण 200 वेळा एकमेकांवर येतात, आणि तिथेच ताजी जखम आहे. खाकरणंसुद्धा टाळायचं.
– मेधा

खाकरण्यावरून आठवलं. ज्येष्ठमधाची काडी आणि हळदीच्या गुळण्या सुरू करा. आमच्या आत्यांचा बसलेला आवाज त्यानेच सुटला होता.
– शालूकाकू

काकू, गुळणी स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. गिळलेलंही अन्ननलिकेत जातं. पाणी भरपूर प्यावं, आणि हीटरने घरातली हवा कोरडी होते म्हणून ह्युमिडिफायर लावावा. बाकी काहीही डॉक्टरांना विचारून.
– मेधा

माईंनी खरंच जपावं. इंग्रजी गायिका-अभिनेत्री ज्यूली अँड्र्यूजचा गाता आवाज 1997 च्या ऑपरेशननंतर पहिल्यासारखा परत आला नाही.
– सतीश

सतीश, माई ही लिस्ट वाचतात! अशा वेळी हे लिहू नये. गायिका अडेलचं असंच ऑपरेशन 2011 च्या नोव्हेंबरात आपल्या बॉस्टनमध्येच झालं आणि फेब्रुवारीत ती ग्रॅमीच्या मंचावर गायली. लिहायचं तर हे लिहा.
– नंदा

सगळ्यांना नमस्कार,
वाचतेय सगळं. कालचंच सांगते. नातीचा रियाज चालू होता, अंतऱ्यात तिचा कोमल निषाद चढा लागला आणि माझ्या गळ्यातून "हं" निघून गेला. मी तोंडावर हात धरला. समोर कुणी बेसूर झालं तर माझ्याच्याने गप्प बसवणार नाही, म्हणून तालीम माझ्याकडे नकोच. पेटी अण्णांनीच न्यावी. तंबोऱ्याची जवारी (तारांचा घुमारा) नुकतीच लावलीय, गाडीत आडवा ठेवताना भोपळ्याखाली उशी घ्या. दारावरची घंटा वाजवू नका, दार उघडं ठेवते. माझी दोन्ही पदं वैशालीने म्हणावीत.
– माई

माई, पदं म्हणते, पण माझी पट्टी (पेटीवर जिथून सा धरते ती) काळी पाच, तुमची पांढरी चार. तबला बदलावा लागेल ना?
– वैशाली

तबला टिपेचा लागेल. माझ्याकडे आहे, पण त्याची शाई (मधला काळा गोल) उडालीय. कुणाकडे काळी पाचचा आहे का? शनिवारपर्यंत कळवा. आणि तालमीला आमचं बेसमेंट घ्या, गाड्या गल्लीच्या उजव्या बाजूला लावा.
– बापू

बापू, मी दहाला पेटी घेऊन पोचतो. जिन्यात कुणीतरी धरायला या.
– अण्णा